एकोणीस डिसेंबरची नोंद

कामेउरा,
मंगळवार, २४ नोव्हेंबर

आदरणीय केइजिरो दादांस,

तोकिहिकोचा कमरेतून वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी फार वाकू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा उरलेला नमस्कार मनातून पोचला असं समजावं.) तुमच्या डोंगरात एव्हाना बर्फ पडलं असेल. वहिनींचा खोकला, तुमचं पोट आणि म्हाताऱ्या मांजराचा डोळा, तिन्ही ठीक असोत. इकडे तुमची बहीण सुमिए उत्तम आहे. फारच उत्तम आहे. मी मात्र गेले अकरा दिवस भीतीने अर्धा झालो आहे, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते ती घरात बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी इथल्या सुईणींच्या संघात जुने कागद सांभाळायला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. संघाला येत्या वसंतात नव्वद वर्षं होतील. त्यानंतर जुनी इमारत पाडणार, म्हणून माळ्यावरचं सगळं दप्तर झटकायचं, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, यादी करायची आणि खोक्यांत भरायचं. पोस्टातला माणूस म्हणजे कागदाची सवय असेल, असं संघाच्या अध्यक्षा कुरानुकीबाईंना वाटलं. मला कागदाची सवय आहे, पण ती बंद पाकिटातल्या. आत काय लिहिलंय ते वाचायची सवय मला नव्हती, आणि ती नव्हती तेच बरं होतं. त्यातून माळ्यावर एक कापडी बाई ठेवलेली आहे. पूर्वी नव्या सुईणींना शिकवायला वापरत. तिचं पोट बटणांनी उघडतं. तिच्याकडे तोंड करून काम होत नाही आणि पाठ केली तर अजिबातच होत नाही, म्हणून मी गेली तीन वर्षं तिरका बसतो. (मान धरली आहे ती त्यामुळेच. सुमिएला मी उशीचं कारण सांगितलंय.)

तर अकरा दिवसांपूर्वी चहाच्या एका जुन्या डब्यात मला मेणकापडात गुंडाळलेली निळी वही सापडली. इने आजींची. ज्यांच्या हातून अर्धं गाव जन्माला आलं, तुम्हीसुद्धा, त्याच इने आजी. प्रत्येक बाळंतपणाची तारीख, वेळ, समुद्राला भरती होती की ओहोटी, मूल कसं रडलं, सगळं बारीक अक्षरात. मी खुशीत यादी करत करत एकोणीसशे सहासष्ट सालापर्यंत आलो. म्हणजे आगीच्या घोड्याचं वर्ष. (साठ वर्षांनी येतं ते यंदा परत आलंय, आणि आलंय ते माझ्याच नशिबी.) त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य खाते असं आपल्याकडे म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. उजेडात तर मुळीच मानत नाही. पण वहीत त्या डिसेंबरातल्या सात मुलींपुढे शाईने एक तारीख होती, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने दुसरी. लाल तारखा सगळ्या जानेवारीतल्या, नव्या वर्षातल्या. सातवी नोंद तुमच्या घरची. ती जशीच्या तशी उतरवतो:

'एकोणीस डिसेंबर. पहाट, भरती. मुलगी, आवाज मोठा. सासूने दोन जानेवारी मागितली. आई रडली. दाखल्यावर दोन जानेवारी दिली. इथे खरी लिहिते. कुठेतरी खरी असायला हवी.'

दादा, मी वही मिटली आणि पहिल्यांदाच त्या कापडी बाईकडे आधारासाठी पाहिलं. तेहतीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढून गेला. लग्नाच्या वर्षी छपरावरचं बर्फ काढताना मी खाली पडलो, तेव्हा शिडी कोणी धरली होती? सुमिएने. कालवं खाऊन तीन दिवस आडवा होतो, ती कालवं कोणी निवडली होती? दोन वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना आरसा माझ्या कोपराला लागला, तेव्हा स्टिअरिंगवर कोण होतं? इतकी वर्षं मी याला अपघात म्हणत आलो. (शिडी सोडून मीच शेजाऱ्याला हात केला होता हेही खरं आहे, पण घाबरलेल्या माणसाला इतका तपशील परवडत नाही.)

आता कुरानुकीबाईंचं. माळ्यावर काही महत्त्वाचं सापडलं की ते आधी अध्यक्षांना दाखवायचं, असा नियम आहे. म्हणून परवाच्या शुक्रवारी मी वही दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. इने आजी त्यांच्या गुरू. नव्वदीच्या समारंभात आजींचा फोटो सगळ्यांत वर लागायचा आहे, आणि त्याच आजींनी सात खोट्या दाखल्यांवर सही केलेली. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या माझं आडनाव घेऊन अगदी हळू बोलल्या.

"होरिउची, तुम्ही माणूस चांगले आहात हो, पण वाचता फार. ही वही यादीत नको. गुरुवारी रद्दीची गाडी येते."

मी "हो" म्हणालो. त्यांना आजवर दुसरं काही म्हणालेलोच नाही. आणि मग, दादा, मला स्वतःचीच ओळख पटेना. मी वही जेवणाच्या डब्याच्या रुमालात बांधली आणि घरी घेऊन आलो. चाळीस वर्षांत पोस्टाचं एक तिकीट इकडचं तिकडे केलं नाही, आणि त्रेसष्टाव्या वर्षी संघाच्या दप्तराची चोरी. घरी लपवायची कुठे? तांदळाच्या पिंपात सुमिएचा हात जातो, देव्हाऱ्यात नजर जाते. शेवटी शेडमध्ये बर्फात चालवायचे टायर असतात, त्यातल्या एकात ठेवली. (तिथे कोण बघतंय, म्हणून स्वतःची पाठही थोपटली.) काल जेवताना ती सहज म्हणाली, "थंडी वाढलीय, येत्या रविवारी टायर बदलून टाकते." टायर तीच बदलते. मला जॅकची भीती वाटते. माझ्या हातातला मुळा खाली पडला.

इतकं लिहिल्यावर खरं काय ते सांगतो. मरणाची भीती मला फारशी नाही, म्हणजे आहे, पण ती नेहमीचीच आहे. मला भीती वाटते ती तिने ती ओळ वाचण्याची. आपल्या जन्माचा दिवस घरच्यांना नकोसा होता हे साठीच्या तोंडावर एखाद्या बाईला का कळावं? दोन जानेवारीला तुम्ही सगळे येणार, तिला साठीला घालतात ते लाल जाकीट घालणार, आणि मी केक धरून चुकीच्या दिवशी हसत उभा राहणार. वही रद्दीत टाकली तर इने आजींनी कुठेतरी ठेवलेलं खरं संपेल. जपली तर माझ्या घरात ते उघडं पडेल. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होता. काही आठवतं का, ते मलाच कळवा. पत्र माझ्या नावाने धाडा, आणि पाकिटावर 'गुडघ्याचे व्यायाम' असं लिहा.

सध्या मी तिला राग येईल असं काही करत नाही. भांडी मीच घासतो.

तुमचा घाबरट पण प्रामाणिक (चोरी सोडून) मेहुणा,
तोकिहिको

ता. क. सोबत एक पार्सल आहे. वर 'सुके बांगडे' लिहिलंय. ते बांगडे नाहीत. ती वही आहे. कृपा करून समारंभ उरकेपर्यंत तुमच्या कोठारात कोरड्या जागी ठेवा, आणि उंदरांपासून व वहिनींपासून सांभाळा. खरं सांगायचं तर पत्र याच एका विनंतीसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा. पोस्टात माझ्या हाताखालचे लोक अजून आहेत, ते पार्सल हलवून बघतील आणि प्रश्न विचारतील. मला खोटं बोलताना घाम येतो. म्हणून पत्र आणि पार्सल दोन्ही सुमिएच्याच हातून पाठवतो. तिला कसलाही संशय नाही.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. दादा, मी सुमी. पाकीट यांनी पोस्टातल्या सवयीने असं चिकटवलंय की किटलीच्या वाफेवर दहा मिनिटं धरावं लागलं. वही मला शनिवारीच सापडली होती, टायरची हवा बघायला गेले तेव्हा. तारखेचं म्हणशील तर आईने लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं, तू तिथेच होतास. यांनाही तेव्हाच सांगणार होते, पण लग्नात हे फोटोवाल्याच्या दिव्याला इतके दचकले की म्हटलं राहू दे. मला ठाऊक नव्हती ती एवढीच एक गोष्ट, की आई रडली. मला इतकी वर्षं वाटायचं तिनेही तारीख बदलून मागितली. मी शेडमध्ये टायरवर बसून ती ओळ चारदा वाचली.

आज दुपारी पार्सल सोडून वही काढली आणि कुरानुकीबाईंकडे गेले. म्हटलं, "तुमच्या गुरूंनी आमच्यासाठी खोटी सही केली आणि खरं जपूनही ठेवलं. ते रद्दीत घालायचं असेल तर आधी माझ्याशी भांडा." मग त्यांनी चहा ठेवला. वही यादीत लागली आहे. बाकी सहा जणींची पानं फितीने बांधलीत, त्यांना विचारल्याशिवाय कोणी उघडायची नाहीत. समारंभात आजींच्या फोटोखाली माझं पान उघडं राहील, मीच सांगितलंय.

लाल जाकीट घेऊन तू एकोणीस डिसेंबरला ये. तोवर यांना काही कळवू नकोस, बाईंनाही मी तसं बजावलंय. अकरा दिवस हे भांडी घासतायत, कचरा वेळेवर टाकतायत आणि माझ्या शब्दाला हो म्हणतायत. त्या वर्षाने माझा वाढदिवस साठ वर्षं लपवला, आता महिनाभर तरी त्याचा मला उपयोग होऊ दे.

पार्सलात खरोखरच सुके बांगडे आहेत. वहिनीला सांग, भिजवू नकोस, तसेच भाज.