केतुरावरचा तो शनिवार

मंगळवार, १४ मार्च १९७२

प्रिय सिप्पू,

शालोम. तू बरी असशील, होस्टेलमधल्या मैत्रिणीही मजेत असतील. नॉटिंगहॅमला अजून कडाका असेल, तेव्हा नाइट ड्यूटीला जाताना आतून लोकरीचं घालत जा. तुझा खोकला मला ठाऊक आहे. पिनरला आई-पप्पा ठीक आहेत ना? पप्पांनी बागेत यंदाही मेथी पेरायचं मनावर घेतलं असेल, आणि आई म्हणाली असेल, "आधी ऊन तरी उगवू द्या."

तुझं पत्र मिळालं. जरा वळसा घालून आलं, म्हणून उत्तराला उशीर.

पत्राच्या वर मी गावाचं नाव लिहिलेलं नाही. पण पाकिटावरचा शिक्का तू पाहिलाच असशील. मी साउथहॅम्प्टनला आहे. जानेवारीपासून. युनिव्हर्सिटीच्या मागच्या रस्त्यावर एक खोली घेतली आहे आणि एका ऑफिसात टायपिंग करते. तुझं पत्र आधी तिकडे कॅरिबियनमध्ये, बेक्वे बेटावर गेलं. ज्याच्याबरोबर मी बोटीने निघाले होते त्या गिडियननेच तिथून ते दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. मी कुठे आहे हे फक्त त्यालाच माहीत आहे. सोबत त्याची एक ओळही नव्हती.

तू लिहिलंस, "ताई, तू जगतेस तसं मला जगायचंय. मेट्रनला मार्चअखेर नोटीस देते. एप्रिलच्या जहाजाची जागा बघून ठेवली आहे." हे वाचल्यापासून मला धड जेवण जात नाही. कारण तू जे जगणं म्हणतेस ते माझ्या पत्रांतलं आहे.

पत्रांत मी खोटं फारसं लिहिलं नाही. पाणी खरंच तसं आहे, तळाची वाळू दिसेल इतकं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना उडणारे मासे खरंच डेकवर येऊन पडतात. बदामाच्या झाडाखाली मुलांना शिकवत होते तेही खरं. फक्त ती शाळा महिनाभर चालली. मग आम्हाला दुसऱ्या बेटाला जावं लागलं, आणि पत्रांत मात्र मी ती पुढे वर्षभर चालवली. पप्पा येईल-जाईल त्याला पत्र वाचून दाखवत होते ना? "माझी बी.ए. झालेली मुलगी," म्हणून. मग मला शाळा बंद करता येईना.

आणि मी वरचेवर 'पाहुणे आले होते' असं लिहायची. ते पाहुणे नव्हते, सिप्पू. गिऱ्हाइकं होती. शिडं फाटतात, दोर कुजतात, पोटालाही लागतंच. हिवाळ्यात इंग्लंड-अमेरिकेहून लोक येतात, आठवडा-दोन आठवडे बोट भाड्याने घेतात, कॅप्टनसकट. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गिडियनला तर कधीच वाटली नाही. त्याने ती बोट इथल्या यार्डात, दिवसभर दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करून झाल्यावर, स्वतःच्या हातांनी उभी केली होती. नावही स्वतःच रंगवलं: केतुरा. त्याच्या आईचं नाव. तो लहान असतानाच ती मुंबईत वारली, हे तुला माहीत आहे.

पहिलंच जोडपं इंग्लंडातल्या सरे परगण्याचं होतं. बाईंनी धक्क्यावर गिडियनच्या हातात बॅग दिली आणि विचारलं, "कॅप्टन कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

ती हसली. चांगला विनोद झाला असं तिला वाटलं. मग नवऱ्याच्या कानाशी लागली, आणि दोघं धक्क्यावरच्या दुसऱ्या बोटीने गेली. गिडियन मला म्हणाला, "बॅग तरी जड नव्हती." पण पुढेही तसंच होत राहिलं. गोरा कॅप्टन हवा असं कुणी सौम्यपणे सांगे, कुणी न सांगताच जाई.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला, गिडियनला नाही.

बेक्वेला नायजेल नावाचा एक इंग्रज मुलगा रिकामा फिरत होता. उंच, सोनेरी केस, हातात बहुतेक वेळा रमचा ग्लास. मी म्हटलं, "गिऱ्हाइकांपुरतं त्याला कॅप्टन म्हणू या."

गिडियनने हातातली सुई शिडात तशीच ठेवली. "आणि माझ्या बोटीवर मी कोण?"

"अरे, नाटक समज. तू तूच."

"आणि तू?"

"मी स्वयंपाकीण."

"पप्पांना कळव," तो म्हणाला, "बी.ए.चं सार्थक झालं."

तो हसला म्हणून मी धरून चालले की त्याला पटलं. कुणी कुणाचा मालक नाही, कुणी कुणाचा नोकर नाही, असं जगायला म्हणून आम्ही निघालो होतो. ही वाक्यं माझीच आहेत; पहिल्या पत्रात दोन पानं भरून लिहिली आहेत मी. तरी नायजेलसाठी पांढरी टोपी मीच विकत आणली.

डिसेंबरमध्ये चार जणांचं एक कुटुंब आलं. नायजेल सुकाणू धरून बसायचा आणि गिडियन शिडाच्या दोराशी उभा राहून डोळ्यांनी त्याला सांगायचा, आता वळव, आता थांब. खडक कुठे आहेत ते गिडियनला माहीत, शाबासकी नायजेलला. पहिले काही दिवस आम्ही तिघं त्यावर चोरून हसलोसुद्धा.

शुक्रवारी आम्ही एका छोट्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. गिडियनने नेहमीप्रमाणे पुढच्या केबिनमध्ये काचेच्या पेल्यात खोबरेल घालून आपल्या ज्यू घरांतल्यासारखा शब्बाथचा दिवा लावला. शनिवारी केतुरा हलत नाही, हा त्याचा पहिल्यापासूनचा नियम. बोट भाड्याने ठरतानाच तो गिऱ्हाइकांना तसं सांगायचा. या वेळी सांगायचं काम नायजेलचं होतं, आणि तो विसरला होता.

जेवताना बाईंनी विचारलं, "केतुरा म्हणजे काय हो, कॅप्टन?"

नायजेलला काय माहीत! त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "एडनला एक नाचणारी होती. फार काही विचारू नका." सगळे खदखदून हसले. गिडियन त्यांच्या ग्लासांत रम ओतत होता.

सिप्पू, मीही हसले. नाटक बिघडू नये म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते हसू आपोआप आलं होतं. त्यांच्या टेबलापाशी उभी राहून मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

मग गृहस्थांनी उद्याचा बेत विचारला. नायजेल चाचरला. "उद्या... उद्या निघता येणार नाही. याच्या धर्मात शनिवारी चालत नाही."

"म्हणजे बोट खलाशी चालवतो की तुम्ही?"

पुन्हा हशा. नायजेलचा चेहरा लाल झाला. "गिडियन, सकाळी नांगर उचल," तो म्हणाला. आणि मग तो आणि गिडियन, दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बोट याची आहे. मी मराठीत म्हटलं, "उचल ना रे. एकच शनिवार. शोभा होतेय."

सकाळी त्याने हातांनी साखळी ओढून नांगर वर घेतला. दिवसभर बोट इतकी सुरेख चालवली की बाई मला म्हणाल्या, "तुमच्या कॅप्टनचा हात काय हलका आहे!" मी म्हटलं, "थँक यू."

संध्याकाळी गिडियन भांडी घासायला माझ्याशेजारी उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "नायजेलचा मला राग नाही. आई कोण, शनिवार काय, त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

त्यानंतर तो भांडला नाही. ते कुटुंब गेल्यावर नायजेललाही त्याने चांगल्या शब्दांत निरोप दिला. आता तो केतुरावरून बेटाबेटांत सिमेंट, कांदे, कुणाच्या शेळ्या अशी वाहतूक करतो. मला त्याने जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. राहिले असते तर रोज त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. म्हणून केळी नेणाऱ्या एका जहाजात जागा मिळाली आणि मी आले. पिनरला आले नाही, कारण पप्पा दारातच विचारतील, "शाळेचं काय झालं?"

हे सगळं मी तुला सांगणार नव्हते. हवा मानवली नाही असं लिहायचं ठरवलं होतं. तसं एक पत्र लिहिलंही. पण ते वाचून तू आणखी लवकर निघाली असतीस, गिडियनच्या मदतीला म्हणून.

मेट्रनला अजून काही देऊ नकोस. शनिवारी मी पिनरला जाऊन पप्पांना स्वतः सांगते. रविवारी दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येते. भेटायचं नसेल तर होस्टेलच्या पोर्टरकडे तसा निरोप ठेव, मी वाद न घालता परत जाईन. तुझी परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, एवढंच बोलायला येते आहे.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तो हक्क माझा राहिला नाही. माझ्या पत्रांवर विसंबून मात्र जाऊ नकोस. परीक्षा दे, नर्स हो, आणि तरीही जावंसं वाटलं तर खुशाल जा. गिडियन तुला आनंदाने बोटीवर घेईल, तो तसाच आहे. फक्त चढताना धक्क्यावर चार माणसं उभी असतील, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याला कॅप्टन म्हण.

मी एकदाही म्हटलं नाही.

जिला ताई म्हणायचं की नाही हे आता तुझ्यावर आहे, ती
जेमिमा