वयाआधी मोठा

४ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तू पाठवलेली मापं वाचून वाटलं, चुकून नवऱ्याचीच पाठवलीस की काय! सात वर्षांच्या पोराची छाती एवढी असते होय? दुकानातल्या कारागिराला दाखवली, तर तो म्हणाला मुलगा बारा-तेराचा असेल. गेल्या वर्षीची पँट दोनदा खाली सोडून दिली होती, आता सोडायला कापडच उरलेलं नाही. काय खायला घालतेस गं आपल्या पैलवानाला? माझी दोन्ही कार्टी अजून काडीसारखी आहेत.

डोकं दुखतंय म्हणून तो शाळा बुडवतो, हे फार मनावर घेऊ नकोस. त्या वयात तूही पोटदुखीत पटाईत होतीस. शर्ट-पँट आठवड्याभरात पाठवते.

माया आहेच, पत्राला मात्र हात आखडू नकोस.
तुझी ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कपडे अगदी बेतशीर बसले. तू चेष्टा केलीस, पण हे मात्र फुशारून गेलेत. येईल त्याच्यापुढे लेकाला उभा करून दाखवतात. बसमध्ये कंडक्टर त्याचं पूर्ण तिकीट मागतो, म्हणून जन्माचा दाखला मी पर्समध्येच ठेवते. शाळेत बाई बाकं हलवायला त्यालाच उठवतात. परवा खेळताना पडून रडला, तर ह्यांनी खडसावलं, की एवढा घोडा झालास आणि रडतोस काय. बिचाऱ्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

आवाजही फुटलाय गं त्याचा. ओठावर लव दिसते. मला हसू येतं आणि कसंतरीही होतं. डोकं अजून दुखतंच, आता फळ्यावरचंही नीट दिसत नाही म्हणतो. पुढच्या महिन्यात चष्मा करू.

भावजींना नमस्कार, मुलांना पापा.
तुझी धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

आवाज फुटला हे वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. सातव्या वर्षी? अगं, माझ्या थोरल्याचा अजून फुटलेला नाही, आणि तो तेरावं संपवतोय. चष्म्याचं नंतर बघ, आधी डॉक्टरकडे ने. नवरा काही म्हणाला तर माझं नाव सांग. मी थट्टा केली ती विसर.

लगेच कळव, माझं कामात लक्ष नाही.
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र शेजारणीने दवाखान्यात आणून दिलं. आम्ही आठवडाभर इथेच आहोत. सकाळी दात घासताना तो कोसळला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. रक्तदाब एवढा, की नर्सला खरा वाटेना, तिने यंत्र बदलून पुन्हा मोजला. एवढ्याशा मुलांना हे दुखणं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात, त्याच्या ग्रंथींत जन्मापासूनच बिघाड आहे. नको ती हार्मोन्स जास्त तयार होतात. त्यांनीच तो भराभर वाढला आणि त्यांनीच दाब चढत जाऊन शेवटी मेंदूत रक्त सांडलं. गोळ्यांनी दाब उतरतोय. हातापायाचं त्या काहीच सांगत नाहीत. डोळ्यांनाही इजा झालीय. हाडं आत्ताच चौदा वर्षांच्या मुलासारखी झालीत, त्यामुळे उंची आता फारशी वाढायची नाही. तेवढं ऐकून हे उठून बाहेर गेले आणि जिन्यावर बसून राहिले.

वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, एवढ्या मोठ्या मुलाला भरवता कशाला. मी भरवतेच.

काल त्याने मला कडेवर घे म्हटलं. शाळेत जायला लागल्यापासून त्याने असं कधी मागितलं नव्हतं, आणि आम्हीही मागू दिलं नव्हतं. मी दोन्ही हात खाली घालून सगळा जोर लावला, ताई, पण मला तो उचलवेना. तेव्हा चांगल्या हाताने माझे डोळे पुसत तो म्हणाला, की राहू दे, मी मोठा आहे ना.

लवकर ये. माझ्या वाटची मायाही त्यालाच दे.
तुझी धाकटी