चौकटीतली मेंढी

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे नळाला पाणी आलं. घरभर बादल्यांची पळापळ आणि मी पिंपाच्या कडेला, कागद गुडघ्यावर. ही म्हणाली, "पाणी चाललंय वाहून आन् तुमचं काय चाललंय?" म्हटलं, वाहतंय तेच काढतोय. तिनं तांब्या आपटला. मग तांब्याच काढला. पोचा आल्यामुळं चित्र (इथं नुसतं चि.) बरं उतरलं.

रिटायर झाल्यापासूनचा नेम, रोज एक चि. कागद पोराच्या, संतोषच्या हापिसातले, एका बाजूनं छापलेले. छापील बाजू साहेब लोकांची, मागची माझी.

दुपारी गावाकडून, ला. स्टे.हून सुनीताचा फोन. थोरल्या भावाची, दादाची सून. "मामा मेंढरं देऊन टाकायची म्हणत्यात. सोयगावकडचा व्यापारी येऊन बघून गेला, काका." दादाचे गुडघे गेले, बांध चढवत नाही. पोरगा बिडकीनला कंपनीत, त्याच्यानं मेंढरांमागं फिरणं व्हायचं नाही. डिसेंबरात टेम्पो येणार.

मेंढरं किती ते इथं लिहीत नाही. आमच्यात मोजत नाहीत. एकेक ओळखायचं, झालं. आईनं वाढवलेल्या मेंढ्यांच्या लेकी-नाती त्या. जायच्या आत एकेकीचं चि. झालं पाहिजे. नाहीतर मग कुठं बघायच्या?

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोटीपासून सुरुवात. कळपाची म्होरकी. दिवाळीत गेलो तेव्हा अंगणात समोर उभी राहून माझ्या पिशवीतला चिवडा हुंगत होती. ते तोंड अजून डोळ्यांपुढं. आधी तोंड, मग कान, मग डाव्या कानाचा काप. आमच्या घरची खूण ती. चुलत भाऊ रंगनाथ, त्याच्या घरची उजव्या कानाला. आज्याच्या वेळी वाटणी झाली तेव्हापासूनचं.

(दादा आणि रंगनाथ बोलत नाहीत. विहिरीवर मेंढरं आधी कुणी पाजायची यावरून बिनसलं. बारा वर्षं झाली. दोघांपैकी कुणाला आता विहीर लागत पण नाही.)

हात बसला तो कंपनीत. जन्म पत्र्यावर खडूनं खुणा करण्यात गेला, इथं काप, इथं वाकव. एकदा पत्र्यावर बकरी काढली आणि पुसायची राहिली. पुढच्या माणसानं इमानदारीत बकरीच्या रेघेवरून पत्रा कापला. सुपरवायझर बोलला, "भानुदास, अब इसका दूध भी निकाल." महिनाभर सगळे दूध मागत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गोटी गुलमंडीत चौकटीला टाकली होती, आणली. चौकटवाला म्हणाला, "चाचा, आपने बनाया? कान तो एकदम असली है." कान. खूश होऊन रिक्षा न करता चालत आलो.

हिनं पदरानं काच पुसली. माझं चि. चांगलं आहे असं तोंडानं म्हणायची तिला सवय नाही. म्हणाली, "भावजींच्या डोळ्यांत पाणी येतंय बघा." मीही तेच धरून चाललोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं ला. स्टे. दादा ओट्यावरच होता. पिशवी बघून वाडीतले चौघं-पाच जण जमले. वरचा कागद सोडला. दादानं चौकट लांब धरली, मग जवळ धरली.

"चांगली हाय. कुणाची?"

"कुणाची म्हंजी? आपली गोटी!"

"आपली नाय. काप बघ. ही रंगनाथच्या घरची."

हसले सगळे. एकजण म्हणाला, "भानुदासभाऊ, शेहरात जाऊन कळप बदलला व्हय?"

दादा हसला नाही. त्यालाच जास्त लागलं. "पत्र्याची भाकर खाल्लीस त्याचं मला काय वाटत नाय भान्या. पण आपला कान कुठला, येवढंबी..."  चौकट उलटी करून भिंतीला टेकवली. "कागद घेऊन येत जाऊ नको. मेंढरं जाऊस्तोवर तरी."

चहा प्यायलो का नाही, आठवत नाही. गाडीत सारखा स्वतःचा डावा कान चाचपत होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुठं घोळ झाला ते आज कळलं. लहानपणी मेंढरांच्या मागं चालायचो. मागून बघितलं की तिचा डावा तोच माझा डावा. चि.त गोटी समोर तोंड करून, आणि मी काप माझ्या डाव्या हाताला काढून मोकळा. समोरून बघितलं की तो तिचा उजवा झाला. किती साधी गोष्ट. हिच्यापुढं उभा राहून दोनदा खात्री केली. ती म्हणाली, "माझे कान सोडा, कणीक मळायचीय."

दादाला फोन करून सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "समोरून गिऱ्हाईक बघतं. धनगर मागून बघतो."

ठेवला फोन.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. नाही. कालही नाही, परवाही नाही.

ही: "आज काय काढलं?"

"काही नाही."

"म्हणूनच. भाजीत मीठ कमी, दोनदा सांगितलं. पडदा वाकडा, ते एकदा. काढा बाबा कायतरी, नायतर दिवसभर मलाच सरळ करत बसता."

मग मेथीची जुडी काढली. वाईट. पण काढली.

दिवे लागले तेव्हा हीच म्हणाली, "कागद आणू नको म्हणले ना भावजी? तुम्ही येऊ नका असं नाय म्हणले."

३ डिसेंबर, बुधवार

हात हलवत गेलो. पिशवी सुद्धा नाही. दादानं वर-खाली बघितलं आणि एक काठी माझ्याकडं सरकवली. तेवढंच.

मेंढरं वेचणी झालेल्या कपाशीत न्यायची होती. पुढं गोटी, मागं कळप, कळपामागं दादा, दादामागं मी. पन्नास वर्षांनी. ओढा येईपर्यंत सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ओढ्यापलीकडं हळूहळू वेगळ्या व्हायला लागल्या. भुरी चालते शेपूट एका अंगाला टाकून. काळतोंडीचं मागलं खूर फरफटतं. गोटी वळून बघत नाही, मागं सगळ्या येतच असणार असं धरून चालते. आणि काप सगळ्यांचे डाव्या कानाला. दिसत होते, ढळढळीत.

बांधाशी दादा थांबला. मी पण थांबलो. हात द्यावा तर याला राग येईल. तोच म्हणाला, "धर की. बघत काय ऱ्हायलास?" धरला. हलका झालाय लई हात.

दुपारी भाकर-ठेचा, बाभळीखाली.

"पाय दुखले का?"

"नाय."

"खोटं बोलू नको."

"लई दुखले."

"हां."

दिवसभरात बोलणं येवढंच. पण उठून जा म्हणाला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पलंगावरून उठवेना. हिनं पायांना तेल लावलं, बोलणी वेगळी. मी बसल्या जागी कागदांच्या मागच्या बाजूवर मेंढरांच्या मागच्या बाजू काढत राहिलो. कालचं सगळं हातात आहे, डोळ्यांपेक्षा हातातच जास्त. किती झाल्या ते लिहीत नाही.

संतोष हापिसातून आला, बघतच राहिला. "बाबा, एकीला पण तोंड नाही?"

म्हटलं, तोंडावरच चुकलो होतो.

११ डिसेंबर, गुरुवार

हिचा दात. दवाखान्यात दोन तास. तिथं काळतोंडीचं खूर पुन्हा काढलं, ते जमत नव्हतं. शेजारच्या बाई वाकून बघत होत्या.

"काका, उशी आहे का ही?"

"मेंढी."

"मागून?"

"मागून."

बाई जरा सरकून बसल्या.

सगळ्या झाल्या वाटतं. मनातल्या मनात वाट चालून बघितली, कुणी राहिली नाही. एक कागद उरला होता. कळपामागं जो चालत होता, तो त्यावर काढला. लवकर झालं. रेघ आपोआप येत गेली, मी थांबवली नाही.

हिला दाखवलं. दात काढलेला, बोलता येईना, नुसतं बोट लावलं कागदाला. हे चि. न्यावं की नाही?

१४ डिसेंबर, रविवार

नेलं. सगळेच कागद, पिशवीत तळाला, वर मेथी. दादानं मेथी बाजूला केली आणि म्हणाला, "दाव."

घरातच बसलो, या वेळी वाडी गोळा केली नाही. दादा एकेक कागद घेऊन नाव घेत गेला. डोळ्याला कमी दिसतं म्हणतो, पण अडला नाही कुठं. "भुरी. ही भुरीची पाठ. काळतोंडी... खूर बराबर घावलं तुला. ही गोटी. बघ कशी चालली, जशी काय पाटलीणच." काप बघायला त्याचं बोट प्रत्येक कानावर जायचं. डावा. डावा. डावा.

शेवटच्या कागदाशी थांबला.

"हे कोण?"

"वळख."

"म्हातारं हाय कोणतरी. घोंगडं आपल्यावाणी दिसतंय." मग कागद उजेडाकडं नेला. "मी येवढा वाकलोय व्हय?"

 कशाला आणलं हे, असं झालं.

"कुणी सांगितलं नाय मला," दादा म्हणाला.

सुनीता दारातून, "रोज सांगते की मामा, ताठ चाला, ताठ चाला."

"तू सुपारी खाऊ नको पन सांगतीस. कोणतं खरं धरावं?"

हसलो तिघं. पण त्यानं तो कागद परत दिला नाही. बाकीच्यांसकट उशाखाली गेला.

निघताना दादानं भिंतीकडची चौकट उचलली, अजून तशीच उलटी होती. धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ज्याची हाय त्याला देऊन ये."

"कुणाला?"

"रंगनाथला. दुसऱ्याची मेंढी आपल्या घरात कशापायी?"

चेष्टा का हुकूम? दादाच्या तोंडावरून कधीच कळत नाही. गाडीची वेळ झाली होती. बुधवारी येतो म्हटलं.

१७ डिसेंबर, बुधवार

रंगनाथचं घर ओढ्यापलीकडं. "या या भानुदासराव. वाट चुकली जणू?" टोमणा मारला पण बाज झटकून बसायला दिली. मी चौकट पुढं केली. त्याची नजर आधी कानावर गेली.

"आमचीच हाय." मग जवळ धरून, "पन तोंड गोटीचं हाय की हे!"

मी थक्क. म्हटलं, तुला काय माहीत गोटीचं तोंड?

"रोज समोरून येतीय ना. त्यो खालच्या वाटंनं, मी वरच्या. ती म्होरकी झाल्यापास्नं तिचंच तोंड बघतोय, त्याच्या तोंडाकडं कोण बघतं?"

मग विचारलं, "त्यानं पाठवली?"

"व्हय."

"काय म्हणला?"

"ज्याची हाय त्याला दे."

रंगनाथ मग उठून खिळा शोधायला लागला. सापडेना. शेवटी दारासमोरच्या खुंटीवरचा फेटा काढला आणि तिथं चौकट अडकवली.

"टेम्पो कवा यायचाय?"

"रविवारी."

"सोयगाव लई लांब पडतंय रं मेंढरांना."

एवढंच. त्याची दोन पोरं मेंढरांमागंच आहेत, कळप भरलेला. दादाची मेंढरं तूच घेतोस का विचारावं, असं अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं. पण दादाची मेंढरं, दादाचं तोंड. मी कोण विचारणार? चहा पिऊन उठलो.

दादाला जाऊन सगळं सांगितलं. सोयगाव लांब पडतं हे पण. त्यानं विचारलं ते भलतंच.

"कुठल्या खुंटीवर लावली?"

"दारासमोरच्या."

"फेट्याच्या?"

"व्हय."

"हं."

२० डिसेंबर, शनिवार

पाणी आलं. हंडा भरताना काढला. चि. ठीक.

जेवायच्या आधी सुनीताचा फोन. काल रंगनाथ वरची वाट सोडून मेंढरं घेऊन खालच्या वाटेनं आला. दादापाशी थांबला.

"काय बोलले गं?"

"काय नाय, काका. मिसळली की दोन्ही मेंढरं. मग दोघं मागं मागं चालत गेले, बांधापोत्तर. बांधाशी रंगनाथकाकांनी हात पुढं केला."

"दादानं धरला?"

"दिसलं नाय ना. मधी तूर होती."

"मग आल्यावर काय म्हणाला?"

"जेवले अन् झोपले. सांच्याला उठून मेंढरं निवडली, आपली आपली. उजेड होता तवर कान बघत बसले होते."

व्यापाऱ्याला नको असा फोन काही गेलेला नाही. सुनीतानं विचारलं तर दादा म्हणाला, उद्याचं उद्या. टेम्पो दहाला येणार.

सकाळच्या गाडीनं निघतोय. कागद काढून ठेवले, पेन्सिलीला टोक केलं. ही भाकरी थापतेय. तुम्ही, भावजी आणि रंगनाथ, तिघांच्या बांधून देते म्हणाली. रंगनाथच्या का, ते मी विचारलं नाही.