न छापलेल्या रेघा

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

खिळ्याचा नमस्कार. पाकिटावर मागच्या बाजूला मुद्दाम नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडताच ठेवून दिलं असतंस. आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून झाल्यावर.

पत्ता तुझ्या मावशींकडून मिळाला. त्या द्यायला तयार नव्हत्या. “सहा वर्षांनी काय काम काढलंस?” असं त्यांनी दारातच विचारलं. मी म्हटलं, चूक सांगायची आहे. त्या म्हणाल्या, “मग आत ये.”

माझी आई बरी आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला ती तयार होत नाही. एका डोळ्याने दिसतं तेवढं पुरे, म्हणते. तुझी आठवण काढते. तुझ्याकडची भांडी तिच्याकडे किती, तिची तुझ्याकडे किती, हे तिला अजून पाठ आहे. प्रेसचं सगळं जागच्या जागी आहे. तोच जिना, तीच खिडकी, मालकांचे केस तेवढे गेले. मी मात्र या महिन्याअखेर तिथे नसेन. त्याचं कारण पुढे येईल.

सर, तुझे बाबा, बरे आहेत. म्हणजे चालतात, जेवतात. दिसत काहीच नाही आता. दोन वर्षांपूर्वी उजेड-अंधार कळत होता, तोही गेला.

ताई, कवनांच्या पुस्तकाबद्दल लिहायचं आहे. एवढं वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसते आहे.

तुला सगळं माहीतच आहे, तरी ओळीने लिहितो. अर्धवट सांगायची खोड मला आहे आणि ती मोडायची आहे. त्या जुन्या नावाड्याच्या कवनांच्या वहीला वाळवी लागली होती. कुठे अर्धी ओळ गेलेली, कुठे नुसता शब्द. सरांनी अकरा वर्षं बसून ती भोकं भरली. जिथे शब्द स्वतःचा, तिथे खाली सरळ रेघ. जिथे अक्षर पुसट आणि वाचन शंकेचं, तिथे तुटक रेघ. त्यांची नजर जायला लागली होती म्हणून मुद्रणप्रत तू केलीस. तांबडी पेन्सिल आणि स्टीलची पट्टी. दुसऱ्या गावची नोकरी चालून आलेली असताना तू वर्षभर त्या टेबलापाशी बसलीस आणि त्यावरून घरात रोज खटके उडायचे. मी प्रुफं घेऊन यायचो तेव्हा ऐकायचो.

आमच्याकडे पुस्तकं संगणकावर, लाटेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये लागतात, हे मी तुला तेव्हा कौतुकाने दाखवलं होतं. पान हाताने लावायचं नसतं. मजकुरातच आज्ञा लिहायच्या, यंत्र पान लावतं. प्रत्येक रेघेच्या शब्दाभोवती मी ‘रेघ’ अशी आज्ञा टाकली. तू मारलेली एकही सोडली नाही. अकराशे त्रेचाळीस.

आणि तिथे घोडं अडलं. साधी आज्ञा वापरली की रेघेचे शब्द एका गाठोड्यात बांधल्यासारखे होतात, ओळ तुटत नाही. लांबलचक ओळी समासात घुसत होत्या. शिवाय शब्दाला खाली उकार असला की रेघ खाली जायची, नसला की वर चढायची. एकाच ओळीत तीन पायऱ्या. सगळ्या एका उंचीवर आणाव्यात तर ‘दूर’ आणि ‘पूर’चे ऊकार मधोमध कापले जायचे. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ जन्मजात असते. पायाखाली आणखी एक दिली की ती कुठे घ्यावी हे परक्या यंत्राला कळत नाही. उपाय होता. पण त्याला दोन-तीन आठवडे बसावं लागलं असतं.

यंत्राचा दोष होता, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही. पण ते खरंही नाही.

वेळ होता, ताई. त्याच महिन्यात मी चार दिवस प्रत्येक कवनाच्या डोक्यावरची पट्टी करण्यात घालवले. वर जाड रेघ, खाली बारीक, मध्ये पत्त्यातल्या चौकटसारखा छोटा ठिपका, रेघा दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या. ती कुणी मागितली नव्हती. मला करायची होती. मालकांनी पाहिली आणि खांद्यावर हात ठेवला. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मी मोत्यावरच खूश होतो.

सरांच्या सत्काराची तारीख ठरलेली. छपाईला दोन दिवस उरले आणि शहाण्णव पानांवर ओळी बाहेर लोंबत होत्या. तेव्हा मी फाइलच्या अगदी वर एक ओळ घातली. अर्थ एवढाच: यापुढे ‘रेघ’ म्हटलं की नुसता शब्द छाप, रेघ नको. एका ओळीने अकराशे त्रेचाळीस रेघा गेल्या. पान स्वच्छ झालं. मालक म्हणाले, “आता कसं मोकळं मोकळं वाटतंय!” मलाही वाटलं. मनात म्हटलं, आज एवढं पाहून घेऊ, उद्या ओळ काढून टाकू.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. “रेघा सगळ्या आल्या ना रे?”

“आल्या, सर.”

“मला आता दिसत नाही. तुझ्या भरवशावर आहे.”

“आल्या म्हटलं ना.”

फाइलमध्ये आहेतच की, असं मी मनाला बजावलं. वेळ मारून नेली.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर या सगळ्याला चूक म्हणता आलं असतं. पण प्रस्तावनेत ते वाक्य होतं: ‘ज्या शब्दांखाली सरळ रेघ आहे ते माझे आहेत, कवीचे नव्हेत.’ रेघा नाहीत आणि वाक्य आहे, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. मी त्या वाक्यापुढे टक्क्याची खूण ठेवली. आमच्यात टक्क्याच्या पुढचं यंत्र वाचत नाही. वाक्य जागेवर राहिलं आणि पुस्तकातून गेलं. हे हातून झालं नाही, ताई. हे मी केलं. मागचापुढचा विचार करून केलं.

पुढचं तू भोगलंस. सात महिन्यांनी त्या मासिकात लेख आला. मूळ वहीच्या फोटोंशी ताडून त्यांनी दाखवलं, की सगळ्यांत गाजलेल्या ओळी वहीत नाहीतच. ‘संपादकाने स्वतःची कविता मेलेल्या माणसाच्या तोंडी घातली.’ सरांना संशोधन मंडळातून काढलं. दुसरा खंड बासनात गेला.

सरांनी मुद्रणप्रत मागितली. मी सांगितलं, प्रेसमध्ये पाणी शिरलं त्यात ती गेली. पाणी शिरलं होतं हे खरं, पण तळमजल्यावर. प्रत माझ्या घरी होती, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या स्वेटरखाली.

आणि मग ती दुपार. मी तुमच्या पुढच्या खोलीत खुर्चीत होतो, हातात चहाचा कप. सरांनी तुला विचारलं, “तू रेघा मारल्या होत्यास का?”

तू म्हणालीस, “एकूण एक. आणि प्रस्तावनेत वाक्यही लिहिलं होतं, तुम्ही सांगितलं तसं.”

“मग ते गेलं कुठे? यंत्र काय नेमकं तेवढंच विसरेल?”

“त्याला विचारा.”

सर माझ्याकडे वळले. “खिळ्या, प्रतीत होत्या का रे?”

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, “जे होतं ते लावलं, सर.”

तू म्हणालीस, “बाबा, तो खोटं बोलतोय.” आणि सर म्हणाले, “त्याच्या बापाने आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, एक काना इकडचा तिकडे केला नाही. हा खोटं बोलायचा नाही. तुला हे काम नको होतं, हे मात्र मला माहीत होतं.”

तू माझ्या हातातला कप काढून घेतलास, आत नेलास, विसळलास. नळ बराच वेळ चालू होता. आठ दिवसांनी तू गेलीस.

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. एवढंच. मी ते तोलून पाहिलं होतं. तुझं घर एका पारड्यात आणि माझं टेबल दुसऱ्या.

आता का लिहितो आहे, असं तू विचारशील. डिसेंबरात मालक म्हणाले, कवनांची नवी आवृत्ती काढायची आहे, दुसऱ्या संपादकांच्या नावाने, जुनी फाइल उघड. सहा वर्षांत मी ती उघडली नव्हती. उघडली. वरची ती ओळ दिसली. सहज, पाहू तरी म्हणून, ती काढली आणि पुस्तक पुन्हा चालवलं. आठ सेकंदं लागली असतील. सगळ्या रेघा परत आल्या, समासात लोंबणाऱ्या, पायऱ्या पडलेल्या, पण सगळ्या. सरांवरचा डाग धुवायला आठ सेकंदं पुरत होती, ताई, आणि मी सहा वर्षं मूग गिळून बसलो होतो.

मग मी तेच काम केलं जे तेव्हा करायचं होतं. एकोणीस दिवस, प्रेस सुटल्यावर. ओळ तुटेल अशी रेघ, सगळीकडे एका उंचीची, उकार आला की त्याच्या दोन्ही अंगांना थोडी जागा सोडणारी. काही फार अवघड नव्हतं. ते कळल्यावर जास्त लाज वाटली. एक प्रत छापली. कपाटातून तुझी मुद्रणप्रत काढली आणि गेल्या रविवारी सकाळी सरांकडे गेलो.

तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “प्रत दे.” मी नवीन छापलेली दिली. त्यांनी ती बाजूला सारली. “ही नको. तिची दे.”

मांडीवर घेतली. पान उलटं केलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवू लागले. तुझी पेन्सिल इतकी दाबलेली, की प्रत्येक रेघेचा मागे वळ उठला आहे. ते वळ त्यांना बोटाला लागत होते. एक पान झालं, दुसरं झालं. “दाबून मारायची,” म्हणाले. “कागद फाटेल म्हणून ओरडायचो मी तिला.” मग तुटक रेघ लागली असावी, कारण बोट थांबत थांबत गेलं. “ही शंकेची.” असं बावीस पानं. मी मोजत होतो. दुसरं काय करणार?

मग म्हणाले, “जा तू.”

मी दारापर्यंत गेलो तेव्हा हाक आली. “तिला सांगितलंस?”

“नाही, सर. आधी तुमच्याकडे आलो.”

“उलटं केलंस,” ते म्हणाले. “माझं नाव गेलं. म्हाताऱ्याचं नाव, आज ना उद्या जायचंच. तिचं घर गेलं. आणि ते मी घालवलं, तू नुसता बघत होतास.” पुढे म्हणाले, “ते तुझ्या अंगावरून उतरत नाही, पण माझ्याही अंगावर आहे. माझ्या वतीने रदबदली करू नकोस. मला काय बोलायचं ते माझं मी बोलेन.”

म्हणून मी त्यांच्या वतीने एक शब्द लिहीत नाही. फक्त जे घडलं ते लिहितो. घरचा फोन तोच आहे, नंबर तोच. परवा त्यांनी तो पुढच्या खोलीतून उचलून पलंगाशेजारी लावून घेतला. वायर कमी पडत होती, मी जोडून दिली. त्यांनी मला त्यासाठी बोलावलं होतं; नंतर बस म्हणाले नाहीत. तुझी प्रत ते हातातून सोडत नाहीत. छापायला हवी म्हणून मागितली तर म्हणाले, “झेरॉक्स काढ आणि आणून दे.”

मासिकाला पत्र गेलं आहे, माझ्या पूर्ण नावाने, टक्क्याच्या खुणेसकट. सोबत त्याची नक्कल जोडली आहे. मार्चच्या अंकात छापतो म्हणाले. तो लेख लिहिणाऱ्यांनी, नव्या आवृत्तीचे संपादक तेच, स्वतः फोन केला आणि नव्या आवृत्तीवर सरांचंच नाव राहील असं सांगितलं. मालक म्हणाले, “प्रेसचं नाव घालवलंस, वर सांगत सुटलायस.” मी राजीनामा आधीच खिशात घेऊन गेलो होतो.

मी माफी मागणार होतो. चार वेळा ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि आणखी एक काम मी तुझ्या गळ्यात घालीन. आधीच एका वर्षाचं काम तुझं मी पुसलं.

फोन करायचा की नाही ते तू ठरव. केलास तर दुपारी चारनंतर कर, त्याआधी ते झोपलेले असतात. नाही केलास तरी त्या घरात आता कुणी तुला खोटी म्हणणार नाही.

तू खरं बोलत होतीस. हे त्या दुपारी त्या खोलीत तुझ्याखेरीज ज्या एकट्याला माहीत होतं,

तो मी,
खिळ्या