तिळाच्या भरवशावर

प्रिय संजना,

आधी उठ आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन कर. बीपीची गोळी किती दिवस सोडली ते सांग, आणि आजच परत सुरू करायला लाव. मग बसून पुढचं वाच.

तू पुण्याहून माझ्या बीपीसाठी तिळाच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्यास. डबीवर सेसमिन का काय ते लिहिलेलं. गोळीसोबत घ्या, हे तू बजावलंही होतंस. मला हसू आलं. पंचवटीत चाळीस वर्षं तेलाचा घाणा चालवला, मला तीळ कोण शिकवणार? म्हटलं, एवढुशा कॅप्सूलमध्ये काय मावतंय. रोज सकाळी वाटीभर तेल प्यायला लागलो आणि दवाखान्याची गोळी बंद केली. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी गेलं. मोजायला कोण जातंय. तुला फोनवर ऐटीत सांगितलं, गोळी सुटली. ते तू सासूबाईंच्या, लताबाईंच्या कानावर घातलंस. त्यांनीही सोडली, हा तुझा मेसेज काल वाचला, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट मला कशी सुचली नाही, सांग. घाण्यावर असताना प्रत्येक खेपेचं पहिलं तेल मी चाखून बघायचो. तिळाने बीपी जात असतं तर मला झालंच कसं?

इथली डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढी, पण तोंडाची तिखट. म्हणाली, काका, तिळाने दाब थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलंय, खा की चमचाभर, कोण नको म्हणतंय? पण गोळी कोणाला विचारून सोडली, घाण्याला? मी तिच्यासमोरच गोळी घेतली. तुला माहितीये, मी असं कोणाचं ऐकून घेत नाही.

गेल्या सोमवारी भाजीबाजारात चक्कर येऊन पडलो. दाब दोनशेच्या वर. शेजारच्या शेखरने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चालतो, लिहितो, जेवतो. जीभ मात्र जड झालीय, बोलायला गेलो की भलतंच बाहेर येतं. हळूहळू सुटेल म्हणतात. आठ दिवस तुझा फोन उचलला नाही तो यासाठी. तू घाबरशील हे एक, आणि खरं सांगू, लाज वाटली. लताबाईंचं कळलं नसतं तर अजूनही लपवलं असतं. शेखर या कागदाचा फोटो तुला पाठवतोय. आता फोन कर, उचलतो. तू बोल, मी ऐकतो.

तुझाच,
बाबा