लोखंडाचं पोट

९ जुलै १९५६

कमळा आली. आली कसली, आणून सोडली! नानाजीभाऊनं पडवीत ट्रंक ठेवली, तांब्याभर पाणी प्यायला आणि लगेच उठला. आलापल्लीची मोटार पावसानं कधी बंद पडेल नेम नाही. दारात उभा राहून म्हणाला, "इंदू, दिवाळीवरी पाहू. बोलली तं बोलली. नाई तं मी येतो आन् नागपूरले पागलखान्यात नेऊन टाकतो. तिच्या सासरचे तं आत्ताच न्या म्हणते." तिच्या समोर म्हणाला! आमची धाकटी बहीण आहे की धानाचं पोतं?

चैत्रात देवीच्या साथीत तिचा चैतू गेला. तीन वर्षांचं लेकरू. तेव्हापासून हिच्या तोंडून शब्द नाही. काम सगळं करते. झाडते, भांडी घासते, वाढलं की जेवते. फक्त बोलत नाही.

संध्याकाळी चहा मांडला. विचारलं, "साखर किती घालू गं?" तिच्या लग्नानंतर आम्ही एका घरात राहिलोच नाही, मला काय ठाऊक! अंदाजानं एक चमचा घातली. मुकाट प्यायली.

१२ जुलै

ठरवलं — मी बोलत राहणार. ती बोलो न बोलो. मला त्याचे कष्ट नाहीत. मालक रायपूरला गेले आणि तिथेच दुसरी करून बसले, तेव्हापासून मी चुलीशी बोलते, मांजरीशी बोलते. आता निदान समोर माणूस आहे.

३० जुलै

शाळेत शिकवताना काय काय झालं, सगळं सांगितलं. कोणती पोर झोपली, कोणाच्या दप्तरात बेडूक निघाला. मोटार बंद, टपाल बंद, अहेरीत नुसता चिखल, हे सांगितलं. आपल्या आईच्या हातच्या आंबिलीची आठवण काढली. मग मालकांच्या नावानं थोडी बोटं मोडली! ती खिडकीबाहेर बघत बसली.

पूर्वी एकटी होते तर एकटी होते. आता दोघी असून एकटी. हे जास्त वाईट.

१९ ऑगस्ट

शेजारची गुणाबाई आली होती. "पुजाऱ्याकडं ने वो बाई, एका कोंबड्याचं काम हाय." मी नाही म्हटलं. तर म्हणते, "मंग तुयाच बोलण्यानं मुकी झाली असन थे! तू कोणाले मधात बोलू देते काय?"

हसू आलं. मग दिवसभर तेच डोक्यात.

५ सप्टेंबर

तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला दारोदार फिरत होती. गुणाबाईचा नातू आला. एवढासा बैल, शिंगांना बेगड लावलेली. मी त्याच्या हातावर बोजाऱ्याचा पैसा ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "आपल्या चैतूचा बैल तर याच्याहून मोठा होता, नाही गं?"

इतके दिवस ते नाव जपून टाळलं होतं! भाऊनं बजावलं होतं, घरात कोणी काढायचं नाही म्हणून. कमळा उठली, मागच्या खोलीत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली.

जळो ही जीभ.

६ सप्टेंबर

जेवली नाही.

७ सप्टेंबर

पेज घेतली थोडी. मी आज शाळेतही कमीच बोलले. पोरींनी विचारलं, "बाई, बिमार हाय का?"

१५ सप्टेंबर

खूप विचार केला. नाव टाळून तरी काय मिळवलं? मीही त्या लेकराला मांडीवर घेतलं होतं. माझंही काही गेलं आहे! आज मुद्दाम बोलले. मला तो 'इंदाई' म्हणायचा, ते. भात कालवला की आधी वाटीत हात घालायचा, ते. बोलता बोलता मलाच रडू फुटलं. ती बसून होती. उठून गेली नाही, एवढंच.

९ ऑक्टोबर

डाकबंगल्याच्या ओसरीवर एक माणूस हातोडीनं दगड फोडत बसला होता. बाजारातून येताना मी सरळ जाऊन विचारलं, "का हो, दगडानं तुमचं काय वाईट केलं?" चकित झाला, मग हसला. गुलाम रसूल, मूळचे चांद्याचे, सरकारच्या भूगर्भ खात्यात. सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड पाहायला आले आहेत. मी म्हटलं, शाळेत या, पोरींना चार गोष्टी सांगा. "आऊंगा बाई," म्हणाले.

गुणाबाईनं पाहिलं वाटतं. पाणी भरताना मोठ्यानं खाकरली.

१६ ऑक्टोबर

रसूलसाहेब शाळेत येऊन गेले. कितीतरी दिवसांनी माझं डोकं जागं झालं!

घरी येऊन कमळाला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. आज आपण जो प्राणवायू घेतो, तो आधी हवेत नव्हताच म्हणे! पृथ्वी होती, समुद्र होता, प्राणवायू नाही. आमच्या वर्गातली बिरजा उठून म्हणाली, "मंग लोक श्वास कायचा घेत?" तेव्हा लोक नव्हते, झाडं नव्हती, मासाही नव्हता. समुद्रात नुसतं शेवाळासारखं काहीतरी, डोळ्यांना न दिसणारं. ते ऊन खाई आणि प्राणवायूचे बुडबुडे सोडी. पण ते वर हवेत पोचतच नसत. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. बुडबुडा निघाला की लोखंड त्याला गिळायचं, गंजायचं आणि तळाला बसायचं. थरावर थर. असं कोट्यवधी वर्षं! वरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काहीच होऊन नाही राहिलं.

"फिर एक दिन लोहे का पेट भर गया," रसूलसाहेब म्हणाले. "खाऊन खाऊन किती खाईल? मंग जो ऑक्सिजन उरला, तो हवेत आला." एका दिवसात नाही, हळूहळू, पण तिथून. लगेच प्रामाणिकपणे हेही म्हणाले की हा त्यांचा अंदाज आहे, मोठे लोक अजून मानत नाहीत.

एक दगड दिला मला. लाल पट्टा, काळा पट्टा, पुन्हा लाल. लुगड्याच्या काठासारखा. कमळाच्या हातात ठेवला. तिनं अंगठा फिरवला त्यावर.

मी चिडून म्हटलं, "तुझं पोट केव्हा भरणार गं? माझ्याजवळ कोट्यवधी वर्षं नाहीत. दिवाळीपर्यंतच आहेत!"

मग लाज वाटली. दगड तिच्याकडेच राहू दिला.

२० ऑक्टोबर

रसूलसाहेब आज पुन्हा आले, कोळशाचं सांगायला. झाड जगतं तोवर प्राणवायू देतं. पण मेलं, कुजलं की तेवढाच परत घेतं. हिशोब बरोबर. मात्र जंगल चिखलाखाली पुरलं गेलं, कुजायचं राहिलं, तर त्यानं दिलेला हवेत शिल्लक राहतो. चांद्याच्या खाणीतला कोळसा म्हणजे असंच पुरलेलं जंगल. कोळशाच्या एका जुन्या काळात प्राणवायू आजच्याहून जास्त असावा. तेव्हाचे चतुर, ते तळ्यावर उडणारे किडे, कावळ्याएवढे असत! मग पुन्हा घटला. वाढतो, घटतो. मी समजत होते हवा आपली कायमची, जशी आहे तशी.

कमळाला सांगताना हात पसरून चतुर दाखवला. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पण हातांकडे पाहिलं!

तळ्यातलं हिरवं शेवाळ आणून काचेच्या बरणीत ठेवलं आहे. त्यावर पालथा पेला, पाण्यानं भरून. उन्हात खरंच बुडबुडे निघतात. मोत्यासारखे. पेल्याच्या बुडाशी जमतात.

२५ ऑक्टोबर

रसूलसाहेब गेले. बैलगाडीत दगडांची पोती आणि वर स्वतः. बोलायला एक माणूस होता, तोही गेला. गुणाबाईला काय वाटायचं ते वाटो, मला चुकल्यासारखं होतं आहे.

३० ऑक्टोबर

पोरींसमोर प्रयोग केला. पेल्यात प्राणवायू असेल तर विझत आलेली काडी पुन्हा पेटते, असं पुस्तकात आहे. काडी घातली. फुस्स! धूर. पोरी खिदळल्या. एवढ्याशा बुडबुड्यांनी काय पेटणार. पाणी बदलून बरणी पुन्हा घरच्या खिडकीत ठेवली.

१ नोव्हेंबर

आजपासून आपला जिल्हा मुंबई राज्यात. शाळेत पेढे वाटले. कमळाचा पेढा तिच्या पानात ठेवला. खाल्ला. गोड आवडतं वाटतं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. मोटार सुरू झाली म्हणतात. दिवाळीत प्रथमच असं वाटलं, मोटार बंदच राहिली असती तर बरं.

एक पणती चैतूच्या नावानं लावली आणि तसं मोठ्यानं सांगितलं. वारा होता. कमळा पणतीला हाताचा आडोसा धरून बसली. तेल संपेपर्यंत.

११ नोव्हेंबर

भाऊ आला. सकाळीच तिला घेऊन निघणार आहे. मी भांडले! म्हटलं, ती ऐकते, मला कळतं. "काय पुरावा हाय?" पुरावा काय देऊ? पणती? दगडावर फिरवलेला अंगठा? भाऊ म्हणाला, "इंदू, तू येकटी रायते, म्हणून तुले कोणीतरी पायजे हाय. तिच्या भल्यासाठी नाई ठेवून राह्यली." हे लागलं. कारण अर्धं खरं आहे.

तिची ट्रंक भरली. लुगडी, फणी, लाल पट्ट्यांचा दगड. तिला काही सांगायला गेले तर शब्दच सुचेना. आज पहिल्यांदा मी गप्प आहे.

१२ नोव्हेंबर

सकाळी तिघांपुढे चहा ठेवला. कोणीच बोलत नव्हतं. मीही नाही. कमळानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली —

"बाई, मले दोन चमचे लागते. मी आली त्याच दिवशी तू इचारलं होतं."

आवाज गंजलेला. भाऊच्या बशीतला चहा धोतरावर.

साखरेचा डबा काढायला उठले, तो असा घाईनं ओढला की अर्धी साखर जमिनीवर सांडली. मुंग्या लागतील. लागू देत!