फरशीला स्वेटर

८ जानेवारी, संध्याकाळ

जमलं! मावशीच्या पायात आज सपाता नाहीत.

आमच्या खोल्यांखाली नुसतं मोकळं पार्किंग, त्यामुळे थंडीत फरशी बर्फ होते आणि मावशीचे गुडघे धरतात. यंदाही हेच राहिलं तर हिमायतनगर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला लेकाकडे जाईन, म्हणाली होती. मग मी कुठे गेलो असतो? सगळे म्हणाले, वरून गालिचा टाक. मी मात्र खालून, पार्किंगच्या छताला, फोमचे जाड तक्ते लावायला घेतले. पहिले दोन गोंदानं चिकटवले, ते वॉचमन सलीमभाईंच्या डोक्यावर पडले.

"छत कू स्वेटर पेहना रैं क्या मियाँ? बटनां तो लगाव!"

बटनां! तिथंच सुचलं. बटनांएवढ्या पत्र्याच्या चकत्या, म्हणजे मोठे वायसर घालून स्क्रू मारले. मधे दोन दिवस पतंगांच्या नादात गेले, ते सोड.

आज शेवटचा तक्ता बसला. मावशी सपाता घालून स्वयंपाकघरात आली. एक काढली, पाय टेकवून पाहिला. मग दुसरी. आणि पाट न घेता खाली बसून भाकरी थापायला लागली.

मी विचारलं, "मग कुकटपल्ली?"

"त्या सपाता उचल आधी," म्हणाली, "पायात येतात."